तळाशी ऊन

आजी सांगायची, अवकाळी पाऊस हा मिठागराचा वैरी खराच, पण एकदा त्यानं आज्याचे पाय भाजले. पाऊस भिजवतो, भाजेल कसा, असं आम्ही पोरं विचारायचो. आम्ही विचारावं म्हणूनच ती तिथं थांबायची. मग पुढचं यायचं. वैशाखाचे दिवस. भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्याच्या मागच्या खाजणात आजा मिठागरावर राबायचा. जमीन दुसऱ्याची, घाम आमचा. उन्हानं आटून दाट झालेलं पाणी राखून ठेवायला तिथं एक खोल कोंडी होती, उभ्या माणसाच्या मांडीला लागेल एवढी. एका रात्री वळीव कोसळला. पिकत आलेलं मीठ वाफ्यांतच विरघळलं, वर्षाचं गणित एका रात्रीत मोडलं, आणि त्या गडबडीत खोल कोंडीकडं कुणी बघितलंच नाही. नंतर आठवडाभर कडकडीत ऊन पडलं. आजा उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, साफ करायला कोंडीत उतरला आणि ओरडत बाहेर आला. आजीचं वाक्य ठरलेलं होतं: "वरती पानी गार नि तलाला इस्तू!"

गावानं निदान केलं, गिऱ्हा. पाण्यातल्या भुतानं पाय धरला. नारळ सोडला गेला, कोंबडं कापलं गेलं. आजा मात्र नारळ सोडून आल्यावर गुपचूप परत गेला म्हणे, आणि कोंडीत काठी घालून, तिचं खालचं टोक बाहेर काढून गालाला लावून बघत बसला. हा काठीचा भाग आजीला फारसा आवडायचा नाही, कारण त्यानं गिऱ्हाची गोष्ट पातळ होते. मला तोच आवडायचा.

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात ट्रान्सिल्वानियातल्या खाऱ्या तळ्याची हकिकत वाचली. कालेचिन्स्की नावाच्या शास्त्रज्ञानं १९०२ मध्ये लिहून ठेवलं होतं की मेडवे तळ्याचं पाणी वर गार असतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी मीटरभर खाली सत्तर अंशांच्या आसपास तापलेलं असतं. कारण साधं आहे. एरवी तापलेलं पाणी हलकं होऊन वर येतं आणि उष्णता हवेला देऊन टाकतं. पण तळाचं पाणी मिठानं जड झालेलं असेल, तर तापूनही ते वर येऊ शकत नाही. वरचं गोडं पाणी त्याच्यावर गोधडीसारखं पडून राहतं. ऊन मात्र गोड्या पाण्यातून आरपार तळापर्यंत जातं आणि तिथंच कोंडलं जातं. वळवाच्या पावसानं मुर्ध्याच्या कोंडीवर नेमकं हेच केलं होतं. गिऱ्हा होता, पण तो सूर्याचा होता.

या गोष्टीचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. मृत समुद्राकाठी मीठ आणि पोटॅश काढणारी एक कंपनी होती. तिच्या संशोधन विभागाचे प्रमुख रुडॉल्फ ब्लॉख यांनी १९४८ च्या सुमारास सुचवलं की असं तळं मुद्दाम बांधून उष्णता साठवता येईल. हॅरी टेबर या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञानं पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्यावर काम सुरू केलं, आणि १९८४ मध्ये बेत हारावाला अशा तळ्यावर पाच मेगावॉटचं वीजकेंद्र उभं राहिलं. आपल्याकडं भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेनं सत्तरच्या दशकात लहान तळं करून बघितलं. मोठं झालं ते भूजला. टेरी ही संशोधन संस्था, गुजरातची ऊर्जा विकास संस्था आणि दुग्धविकास महामंडळ अशा तिघांनी मिळून कच्छ डेअरीच्या आवारात सहा हजार चौरस मीटरचं तळं खोदलं, त्यात सुमारे चार हजार टन मीठ ओतलं, आणि त्याच्या तळाशी तापलेल्या पाण्यावरून नव्वदच्या दशकात डेअरीला सत्तर अंशांचं गरम पाणी मिळालं. कारखाना, प्रयोगशाळा आणि सरकार एका तळ्याच्या काठी आले की काय होऊ शकतं, त्याचं हे नमुनेदार उदाहरण. ते सगळीकडं का पसरलं नाही? जागा फार लागते, मीठ फार लागतं, वाऱ्यानं थर ढवळले जातात, शेवाळ धरलं की ऊन खाली पोचत नाही. ही कारणं आज्याला न विचारताही सांगता आली असती.

त्याला कुणी विचारलं असतं अशी माझी अपेक्षा नाही. पण ऊर्जा आणि पर्यावरणाच्या संशोधनात उद्योग आणि विद्यापीठ यांनी हातात हात घालावा, असं ज्या सभांमध्ये बोललं जातं, तिथं मंचावर दोनच खुर्च्या असतात, हे मला आमच्या घरातल्या गोष्टींमुळं खटकतं. आमच्या घरात ही गोष्ट सांगताना तिसरं कुणी तरी नेहमीच असायचं: खाडी, आणि खाडीवर जगणारे.

आजच्या भाईंदरात उतरणाऱ्याला हे पटायचं नाही. नगरपरिषद १९८५ ला झाली, महानगरपालिका २००२ ला. मीरा रोड आणि भाईंदर यांच्या मधे एके काळी काय होतं ते सांगायला आता म्हातारी माणसं शोधावी लागतात. होतं मीठ, रेती, भात आणि मासळी. १८६४ मध्ये रेल्वेनं वसईची खाडी ओलांडली. पुढं मीठ गलबतांबरोबर वाघिणींतूनही जाऊ लागलं. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोचली, आणि मिठाच्या मागोमाग माणसंही मुंबईला निघाली.

आमच्या घरातून पहिले निघाले ते थोरले काका. सातवी पास, अक्षर सुंदर, आणि मिठागराच्या कामाला तेवढं अंग नाही. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी लोअर परळच्या एका गिरणीत ते बदली म्हणून लागले आणि पुढं रंगखात्यात कायम झाले. त्यांची नखं कधी स्वच्छ दिसली नाहीत. गावात लग्न असलं की लोक त्यांचा हात बघून विचारायचे, यंदा गिरणीत काय, जांभळा चाललाय? जॉबर, त्याची दस्तुरी, पाळ्या, रंगाचे हौद, त्यातली वाफ, हे सगळं काकांच्या तोंडून ऐकताना गिरणी आम्हाला शेजारच्या गावासारखी ओळखीची झाली. त्या गोष्टींत एक पात्र कायम असायचं: "माटुंग्याचा साहेब". नाव कधी कळलं नाही. बहुतेक ते एक नव्हे, अनेक असावेत. काकांनी सगळ्यांना एकत्र करून एकच साहेब घडवला असावा.

माटुंग्याचा, म्हणजे यूडीसीटीचा. आज तिला इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणतात. मुंबई विद्यापीठाचा हा रसायन तंत्रज्ञान विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला, आणि त्याच्या जन्माची वेळ गिरण्यांनी ठरवली होती असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. त्याआधी १९२१-२२ मध्ये विश्वेश्वरय्यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्यातल्या तांत्रिक शिक्षणाचा विचार करणारी समिती बसली होती. कापूस इथला, गिरण्या इथल्या, कामगार इथला. रंग मात्र जर्मनीचा आणि विलायतेचा. पर्किननं १८५६ मध्ये लंडनला जांभळा रंग चुकून शोधला. पण त्या चुकीचा उद्योग केला जर्मनांनी, कारण तिथं विद्यापीठातले प्राध्यापक आणि कारखान्यांचे मालक एकमेकांच्या दारात उभे असत. बायर या प्राध्यापकानं नीळ प्रयोगशाळेत घडवली, बीएएसएफ या कंपनीनं तिच्यावर कित्येक वर्षं पैसा ओतला, आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आल्यावर बिहारातली निळीची शेती बसली. विद्यापीठ आणि उद्योगाची सोयरीक जमली की तिसऱ्याच गावातलं शेत ओसाड पडू शकतं, हे तेव्हाच दिसलं होतं. अर्थात निळीच्या मळेवाल्यांसाठी अश्रू गाळावेत असं काही नव्हतं. चंपारणच्या शेतकऱ्याला विचारा.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले सर विठ्ठल चंदावरकर स्वतः गिरणी व्यवसायातले होते. कापड-रसायन हा नव्या विभागाचा पहिल्यापासूनचा विषय. इंग्लंडहून आलेले रॉबर्ट फॉर्स्टर पहिले प्रमुख. १९३८ पासून के. वेंकटरामन. हे वेंकटरामन मोठेच गृहस्थ. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचे त्यांचे ग्रंथ १९५२ पासून निघू लागले आणि जगभरच्या रंगशाळांत पोचले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक होऊन गेले. विभाग सुरुवातीला उसन्या जागेत होता. १९४३ मध्ये तो माटुंग्याला स्वतःच्या आवारात आला. तिथून वडाळा अगदी जवळ. १९३० च्या उन्हाळ्यात ज्या मिठागरांवर हजारो माणसं चालून गेली आणि लाठ्या खाऊन मूठभर मीठ घेऊन आली, ती वडाळ्याचीच. मीठ आणि माटुंगा यांची अशी शेजारणीची ओळख होती. काकांच्या गोष्टीत ती भाईंदरपर्यंत आली.

गोष्ट अशी. १९५६ मध्ये विलायतेच्या आयसीआयनं नव्या जातीचे रंग काढले. ते कापसाच्या धाग्याला नुसते चिकटत नाहीत, त्याच्याशी रासायनिक गाठ मारतात, म्हणून धुतले तरी जात नाहीत. गिरण्या हळूहळू त्यांच्याकडं वळल्या. पण या रंगांना मीठ लागतं, आणि भरपूर लागतं. पाण्यात भिजलेल्या सुतावर ऋण विद्युतभार असतो, रंगावरही ऋणच. दोघं एकमेकांना ढकलतात. मीठ मधे पडलं की भांडण मिटतं आणि रंग सुतावर बसतो. गडद छटेला लिटरमागं साठ-सत्तर ग्रॅम मीठही लागायचं. कापडाच्या दहापट पाणी धरलं तर एक किलो कापडामागं अर्ध्या किलोहून जास्त मीठ झालं. काकांनी आनंदानं घरी सांगितलं की आपलं मीठ आता गिरणीत खपणार. नमुन्याची गोणी गेली, आणि परत आली. माटुंग्याच्या साहेबानं शेरा मारला होता: हे मीठ रंग फाडतं.

आजा खवळला. तीन पिढ्या मीठ पिकवलं, आजवर कोळ्याची मासळी याच मिठानं टिकवली, आणि हा पाटलोणवाला कोण? मग एका रविवारी तो पाटलोणवाला स्वतःच भाईंदरला उतरला म्हणे, हातात काचेची नळी घेऊन. त्या नळीला घनतामापक म्हणतात. पाणी किती दाट ते ती अंशांत दाखवते. समुद्राचं पाणी तीन अंशांचं. ते आटत जाताना आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, पंचविसाच्या पुढं मीठ पडू लागतं, आणि एकोणतीस-तिसाच्या पुढं गेलं की मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात मिसळू लागतात. रंग फाडतात ते हे चुना आणि मॅग्नेशियम. साहेबाचं म्हणणं एवढंच की कडू पाणी वेळेवर काढून टाका.

आता इथून आजीची आणि काकांची गोष्ट वेगळी होते. आजीच्या मते साहेब नळी बुडवायच्या आधीच आजा नुसता बघून आकडा सांगायचा. पाण्यावर धरलेली साय, त्याला आलेली लालसर झाक (ती झाक दाट खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची असते), बोटांना लागणारा बुळबुळीतपणा, यावरून. आणि नळी दर वेळी त्याच्याच बाजूनं बोलायची. काकांच्या मते आजा एकदा चुकला, पण साहेबानं ते बोलून दाखवलं नाही. आजीच्या मते त्यानंतर आमचं मीठ वाघिणीतून गिरणीला जाऊ लागलं. काकांच्या मते दोनदाच गेलं. पुढं गुजरातचं पांढरंशुभ्र मीठ स्वस्त पडलं. मला काकांचं खरं वाटतं, पण गोष्ट म्हणून मी आजीचीच सांगतो. एका बांधावर दोन जाणकार उभे आहेत, एकाच्या हातात नळी आहे, दुसऱ्याच्या डोळ्यांत, आणि दोघांना एकमेकांची गरज आहे. अशा भेटीचं चित्र मी पुढं कितीही करारांच्या बातम्या वाचल्या तरी पुसलं गेलं नाही.

पण त्या भेटीतही एक प्रश्न कुणी विचारला नाही. काढून टाकलेलं कडू पाणी कुठं गेलं? खाडीत. गिरणीतलं खारं, रंगीत पाणी? नाल्यातून समुद्रात. त्या नव्या रंगांतला न बसलेला हिस्सा, कधी कधी एक तृतीयांशही, धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जायचा. काका सांगायचे, नाल्याचा रंग बघून आम्हाला बाहेरूनच कळायचं आत कुठला हौद सोडलाय. आणि ते हसायचे. तेव्हा सगळेच हसत असावेत.

त्या काळातली माटुंग्याची कामगिरी कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. गिरण्यांनीही स्वतःच्या संशोधन संस्था काढल्या होत्या, वरळीची सस्मिरा १९५० ची, घाटकोपरची बीटीआरए १९५४ ची. पण माटुंग्याचा घाट निराळाच होता. मनमोहन शर्मा केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन १९६४ मध्ये तिथं प्राध्यापक झाले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. कारखान्यांना सल्ला देणं हे प्राध्यापकाला कमीपणाचं मानलं जाण्याच्या काळात त्यांनी तो उघडपणे दिला. कारखान्यातली अडचण वर्गात आणायची, वर्गातलं उत्तर कारखान्यात न्यायचं, आणि त्यातूनच शोधनिबंधही काढायचे. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अभियंते. माटुंग्याचेच केकी घरडा अमेरिकेत डॉक्टरेट करून आले, रंगांपासून सुरुवात करून १९६७ मध्ये स्वतःची कंपनी उभी केली आणि परदेशी कंपन्यांची शेतीतली औषधं इथल्या डोक्यानं स्वस्त करून दाखवली. 'मेक इन इंडिया'चा सिंह तेव्हा जन्माला यायचा होता.

महाराष्ट्रानं पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा देशाआधी केला हेही सांगायला हवं. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० चं. केंद्राचा कायदा आला १९७४ मध्ये. कागद आपल्याकडं नेहमीच वेळेवर येतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काकांचं रंगखातं संपलं. ते भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात हिशेब लिहायला लागले. नखं पहिल्यांदा पांढरी झाली, आणि काकू म्हणाली, हात परक्याचा वाटतो. गिरण्या गेल्या, पण रंग गेला नाही. तो भिवंडी, डोंबिवली, तारापूर अशा गावांना विभागून गेला. भाईंदरच्या खाडीला मात्र त्यानं कधी सोडलं नाही, कारण उल्हास नदीचा एक फाटा घोडबंदरवरून वळसा घेऊन आमच्याच दारातून समुद्राला मिळतो. अंबरनाथपासून कल्याणपर्यंत जे जे नदीत पडतं त्यातलं काही ना काही इथवर येतं. आमच्या लहानपणी खाडीत निवट्या आणि खेकडे हातानं धरता यायचे. मिठागरवाल्यांची तक्रार वेगळी होती: मिठाला वास येतो.

मी रसायनशास्त्र घेऊन पदवी केली आणि पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत लागलो. आमचं काम बाटल्यांशी. कारखान्याचा माणूस बाटली आणून द्यायचा, आम्ही आकडे लिहून द्यायचो. बाटली कधी आणि कुठून भरली हे विचारायचं नाही, असा अलिखित नियम होता. कधी कधी त्या पाण्यात मासे सोडले असते तर ते बिसलेरीपेक्षा खूश राहिले असते. तिथं एक गोष्ट कळली: पाणी तपासून घेण्याचे पैसे ज्याचे, प्रश्नही त्याचाच. खाडीवाल्याकडं बाटली भरायला भरपूर पाणी होतं, फी नव्हती.

ऊर्जेच्या बाजूला मात्र या काळात सुंदर कामं झाली, आणि ती मराठी मुलखातून झाली. आयआयटी मुंबईचे शिरीष केदारे यांनी एका लहानशा कंपनीबरोबर सूर्याच्या मागं मागं फिरणारी सुमारे एकशे साठ चौरस मीटरची आरशांची मोठी तबकडी तयार केली. नाव ठेवलं 'अरुण'. २००६ च्या सुमारास ती लातूरच्या महानंद डेअरीत बसली आणि दूध तापवायला जळणाऱ्या तेलात बचत झाली. केदारे २०२४ मध्ये आयआयटी मुंबईचे संचालक झाले. माटुंग्यालाही केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं ऊर्जेचं केंद्र निघालं. अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली तिथं शेतातला पालापाचोळा, पेंढा, काड यांचं इथेनॉल करण्याची पद्धत विकसित झाली आणि २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला, इंडिया ग्लायकॉल्सच्या आवारात, दिवसाला दहा टन काड पचवणारा कारखाना सुरू झाला. पुण्याच्या प्राज कंपनीनं स्वतःची पद्धत काढली. तिच्यावर उभा राहिलेला इंडियन ऑइलचा मोठा कारखाना १० ऑगस्ट २०२२ ला देशाला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल द्यावं ही अपेक्षा. हा कारखाना पानिपतला आहे. पुण्याहून तिकडं काही पाठवून ते नीट कामाला लागावं, याला दोनशे एकसष्ट वर्षं जावी लागली.

या कामांत एक सोय आहे: सूर्य कुणाच्या मालकीचा नाही, आणि पेंढा जळत होताच. कुणाचं काही हिसकावलं जात नाही, म्हणून दोन खुर्च्यांनी भागतं. पाण्याच्या कामात तसं भागत नाही. तिथं संशोधनाची पद्धत तयार असते, वर्षानुवर्षं असते. माटुंग्याचे अनिरुद्ध पंडित यांनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फोडून त्यातली घाण तोडण्याच्या पद्धतीवर किती तरी काम केलं आहे, आणि ते जगात वाखाणलं गेलं आहे. पण पद्धत कारखान्यात शिरायला काही तरी ढकलावं लागतं, आणि ते ढकलणारे बहुतेक वेळा बाहेरचेच निघाले.

तारापूरचंच घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये ते पहिलं आलं, १०० पैकी ९३.६९ गुण. एवढे गुण आमच्या घरात कुणाला मिळाले नाहीत. तिथल्या प्रदूषणाविरुद्ध हरित न्यायाधिकरणात गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मासेमार. ते गेल्यावर न्यायाधिकरणानं तज्ज्ञांची समिती नेमली, आणि खाडीचं पाणी खाडीवाल्यांच्या प्रश्नासाठी तपासलं गेलं. उल्हास नदीसाठी वनशक्ती ही संस्था गेली; २०१५ मध्ये कोट्यवधींच्या भरपाईचा आदेश झाला. तमिळनाडूत तिरुप्पूरला नोय्यल नदीकाठचे शेतकरी उच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये न्यायालयानं गावातल्या रंगशाळाच बंद केल्या. एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, तरच उघडा. मग मात्र विद्यापीठ, यंत्रवाले, रंगशाळावाले सगळे धावले. रंगाचं पाणी बारीक पडद्यांतून गाळायचं, उरलेलं आटवायचं, आणि त्यातलं मीठ परत काढून पुन्हा रंगाच्या हौदात घालायचं, अशी व्यवस्था तिथं उभी राहिली. आधी का नाही, याचं उत्तर रसायनशास्त्रात सापडत नाही.

माझी पुतणी रसायन अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेते. एका कंपनीच्या पैशावर तिचा प्रकल्प चालू आहे आणि विषय नेमका हाच: रंगशाळेच्या पाण्यातून मीठ परत मिळवणं. दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं काकांना एका बरणीत ते मीठ दाखवलं. काका आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत, ऐकू कमी येतं, पण मिठावरची नजर बापाची आहे. त्यांनी बरणी उजेडात धरून हलवली.

"मॅग्नेशियम?"

"काढलंय आबा."

"काय भाव पडतो?"

"बाजारच्यापेक्षा महाग. पाणी आटवायलाच खर्च होतो सगळा."

"आटवता कशानं?"

"वाफेनं. बॉयलर असतो. बऱ्याच ठिकाणी लाकूड, कोळसा."

काकांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

"मीठ काढाया लाकूड जाळता? नि ऊन काय झालं?"

तिनं समजावलं. ऊन आहे, पण उन्हाला जागा लागते, एकरच्या एकर. पावसाळ्यात चार महिने काम बंद. कारखान्याला रोज पाणी संपवायचं असतं, आणि कारखान्याजवळची जमीन कुणाला परवडत नाही.

"मुर्ध्याला हाय की जागा. रायच्या बाजूला पन हाय अजून थोरी."

"आबा, मुर्ध्याला कारखान्याचं पाणी आणायचं? अख्खा गाव उठेल."

"उठंलच," काका म्हणाले आणि बरणी तिच्या हातात दिली. "मीच म्होरं आसन."